पुढचा डावा कोपरा

आमच्या मामाकडून लोखंडी गेट विकत घेणं म्हणजे संयमाची परीक्षा असायची. टेम्पो दारात उभा, टेम्पोवाला घड्याळाकडे बघतोय, आणि मामा गेट जमिनीवर आडवं टाकून त्याच्या एकेका सांध्यावर चढून उड्या मारतोय. डॉक्टरने गुडघ्यांपायी उड्या बंद करायला सांगितल्या, तेव्हा तो समोरच्या लाँड्रीवाल्याला बोलावून आणायला लागला. लाँड्रीवाला वजनाने एकशेदहा किलो आणि स्वभावाने गरीब. हातातली इस्त्री बाजूला ठेवून तो यायचा, गेटावर उभा राहायचा, मामा म्हणेल तसा डुलायचा आणि परत जायचा. गल्लीत मामाचं नाव उडीमास्तर पडलं होतं. लोकांना वाटे, म्हातारा चक्रम आहे. चक्रम तो होताच, पण उड्यांचं कारण गल्लीत येणाऱ्या माणसांपैकी फक्त मला माहीत होतं.

मामा जाऊन आता दीड वर्ष झालं. आई आहे.

मामा गेटं, इस्पितळाच्या खाटा, शाळेचे बाक, सायकलींचे कॅरिअर असं काय वाट्टेल ते बनवायचा. पण तरुणपणी तो शर्यतीच्या गाड्या बनवत असे. एकाच माणसाच्या बैठकीच्या, चारी चाकं उघडी असलेल्या, लांबुळक्या गाड्या. आत माणूस बसला की बाहेरून त्याचं डोकं तेवढं दिसायचं. अंगठ्याएवढ्या जाडीच्या पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर हाताने ठोकून बसवलेला पत्रा, एवढीच ती गाडी. त्या नळ्या एकमेकींना जोडायचं काम मामाचं. गॅसची ज्योत नळीवर धरायची, पितळेची कांडी वितळवायची आणि सांध्याभोवती बारीक बारीक लाटांची ओळ सोडत जायचं. ही लाटांची ओळ प्रत्येक कारागिराची वेगळी असते. जाणकार माणूस ती अक्षरासारखी ओळखतो.

ही नोकरी त्याला माझ्या बाबांनी लावून दिली होती. बाबा त्या कारखान्याच्या गाड्या शर्यतीत चालवायचे. मालकाला म्हणाले, "बायकोचा भाऊ म्हणून सांगत नाही. हात बघा त्याचा, चहाचा कप भरून दिला तरी हलत नाही." मामा बाबांना दाजी म्हणायचा आणि त्यांच्यावर जीव टाकायचा. आई त्याची मोठी बहीण. आजी लवकर गेल्यामुळे त्याचं नाकडोळे पुसण्यापासून सगळं तिनेच केलेलं.

मी चार वर्षांची असताना एका शुक्रवारी सरावात बाबांनी पुढचं डावं चाक दगडी कठड्याला घासलं. चाकाचा खालचा दांडा सांगाड्याच्या ज्या कोपऱ्यात बसतो, त्या कोपऱ्यातल्या सांध्याला चीर गेली. मामाने त्याच दुपारी तो सांधा उघडला, साफ केला आणि नव्याने जोडला. रविवारी शर्यतीच्या अकराव्या फेरीत एका वळणावर डावं चाक आत दुमडलं, गाडी भिंतीवर गेली आणि बाबा जागच्या जागी गेले.

चौकशीला तीन साहेब आले. त्यांनी कागदावर लिहिलं, 'पुढच्या डाव्या कोपऱ्यातला सांधा तुटलेला आढळला. तो भिंतीला धडकण्याआधी तुटला की धडकल्यामुळे, हे सांगता येत नाही.' झालं. साहेब जेवून गेले. मामाचं म्हणणं असं, की त्यांनी सांध्यावरचं तेलसुद्धा पुसून पाहिलं नव्हतं. त्याला पाच मिनिटं आणि एक भिंग दिलं असतं तर त्याने सांगितलं असतं. जोड कच्चा असेल, पितळेने नळीला धरलंच नसेल, तर पितळ सालपटासारखं निघून येतं आणि खाली पोलाद कोरं दिसतं. जोड पक्का असून धडकेने तुटला असेल, तर नळी स्वतः फाटते, पितळ तिला चिकटूनच राहतं. मला हे त्याने इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन.

पण बाबा गेल्यानंतरचे नऊ दिवस तो आमच्या घरी होता. आईला पाणी देत होता, मला भरवत होता. दहाव्या दिवशी कारखान्यात गेला तेव्हा गाडीची जागा रिकामी होती. मालकाने ती मोडक्या अवस्थेत डोंगरावरच्या शर्यती करणाऱ्या एका हौशी माणसाला देऊन टाकली होती. त्याला ती डोळ्यांसमोर नको होती म्हणे.

मामा तसाच घरी आला आणि आईला म्हणाला, "ताई, तो जोड माझा होता. शुक्रवारी मीच केला होता. तो आधी तुटला की नंतर, मला माहीत नाही."

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. मोजकं बोलायची तिला सवय. ती म्हणाली, "तुझ्या हातून झालं असेल तर तसं सांग. नसेल तर तसं सांग. मी दोन्ही ऐकून घेईन. पण 'माहीत नाही' म्हणणाऱ्या माणसाबरोबर रोज एका टेबलावर मला जेवता येणार नाही. कळलं की ये."

दुसऱ्या कुठल्या घरात असतं तर महिन्याभराने कुणीतरी मध्यस्थी केली असती, रडारड झाली असती, आणि दोघं पुन्हा जेवायला बसली असती. आमच्या घरात सगळे शब्दाचे पक्के. पक्के कसले, हट्टी! मामा गेला तो एकेचाळीस वर्षं आमच्या दारात आला नाही.

मी एकोणीस वर्षांची झाल्यावर त्याला स्वतः शोधून काढलं. तेव्हापासून दर शनिवारी जायचे. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, शनिवारी अर्धा दिवस असतो. दुकानात शिरलं की लोखंडाचा वास, एक मोडका स्टूल माझ्यासाठी पुसून ठेवलेला आणि स्टोव्हवर चहा. लग्न का नाही केलंस विचारलं तर म्हणायचा, "जोडाजोडी दिवसभर करतोच की, आणखी घरी कशाला?" आईला मी कुठे जाते ते ठाऊक होतं. मी परतले की ती विचारायची, "कळलं काही?" मी मानेनेच नाही म्हणायचे. मग ती कुकर लावायला उठायची. तो बरा आहे का, जेवतो का, असलं काही तिने कधी विचारलं नाही. मला तिचा राग यायचा आणि ती भांडी विसळायला वळली की तिची पाठ बघून तो जायचाही.

मामाने मात्र गाडीचा माग सोडला नाही. हौशी माणसाने ती दुरुस्त करून सहा वर्षं डोंगरावर पळवली, चाकांमधलं अंतर वाढवून घेतलं, मग त्याच्या बायकोने त्याला संसाराला लावलं. इंजिन काढून कुणीतरी मोटरबोटीत बसवलं आणि ते बोटीसकट बुडालं. उरलेला सांगाडा एका टायरच्या दुकानाने घेतला, त्याला पिवळा रंग फासला आणि जाहिरात म्हणून छपरावर चढवला. ज्या बैठकीत माझे बाबा बसायचे तिथे बारा वर्षं कबुतरांनी पिल्लं काढली. मामाला हे कळून तो तिथे पोचला तेव्हा छप्पर रिकामं होतं. वरातीमागून घोडं. दुकानदार म्हणाला, "तीन महिने झाले, एक दलाल घेऊन गेला. नाव? नाव कोण विचारतो हो! छप्पर मोकळं झालं म्हणून मीच त्याला चहा पाजला."

त्यानंतर नुसत्या अफवा. अमक्या शहरात एका शेडमध्ये पिवळी गाडी आहे. मामा दुकान बंद करून जायचा, आणि ती निघायची जत्रेतल्या लहान मुलांच्या फिरत्या पाळण्यातली नाहीतर बर्फाचा गोळा विकणाऱ्याची. आठ-आठ तास बसने जायचा, आठ-आठ तास परत.

मग अकरा वर्षांपूर्वी त्याला त्या हौशी माणसाचा जुना मेकॅनिक भेटला. तो म्हणाला, "तो डावा कोपरा ना? आम्ही उघडलाच नाही. वरून पत्र्याचं ठिगळ मारलं आणि कडेने जोडून टाकलं. तुमचा तुटका सांधा आत तसाच असणार." त्या शनिवारी मामाने चहात साखर दोनदा घातली. मला म्हणाला, "आत आहे गं. तसाच आहे. कुणी ठिगळ काढलं की पाच मिनिटांचं काम." मी त्याला इतकं आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दुकानात फोन आला. एका संग्राहकाचा. त्याच्याकडे तशा चौदा जुन्या गाड्या होत्या, ही पंधरावी, आणि त्या कारखान्यातला हयात असलेला एकमेव कारागीर म्हणून त्याने मामाला शोधून काढलं होतं. गाडीचा संपूर्ण इतिहास लिहायचा होता त्याला. याल का? मामाने फोन ठेवला आणि दाढी करायला बसला. जायचं होतं तीन दिवसांनी.

संग्राहकाची शेड आमच्या दवाखान्यापेक्षा स्वच्छ होती. फरशीवर सांडलेलं उचलून खाता आलं असतं. माणूस सभ्य, हळू बोलणारा, हातात जाडजूड फाइल. गाडी मधोमध होती. पिवळा रंग गेलेला, पूर्वीचा गडद हिरवा परत आलेला, बैठकीला नवं कातडं. मी बाबांचा चेहरा फोटोवरूनच ओळखते. संग्राहक म्हणाला, "बसा ना आत." मी बसायला गेले आणि कमरेतच अडकले. हसायला आलं. बाबा एवढे बारीक होते हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि हसता हसता मला इतकं रडू आलं की संग्राहक बिचारा फाइल घेऊन बाहेर गेला.

मामाने हे काही पाहिलं नाही. पुढचा पत्रा आधीच काढून ठेवलेला होता. तो गुडघे धरत खाली बसला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ठिगळ नव्हतं. साफ, उघडा, नीट सांधा. त्याचं बोट लाटांच्या ओळीवरून हळूहळू फिरत गेलं आणि थांबलं. पुन्हा पहिल्यापासून फिरलं.

"माझा आहे," तो म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तुटलाच नाही! मामा, म्हणजे तुझा जोड शाबूत आहे!"

"नाही गं." तो बोट उचलत नव्हता. "हा आत्ताचा आहे. बोट गेल्यानंतरचा."

त्या दिवसाच्या बावीस वर्षं आधी पत्रा कापायच्या यंत्रात त्याच्या डाव्या तर्जनीचं एक पेर गेलं होतं. कांडी धरायचा हात तो. तेव्हापासून त्याच्या लाटा एका अंगाला कलायच्या. मला त्याने गेटांवर दाखवल्या होत्या. इथेही त्या कलत होत्या.

मग त्याला आठवलं. फरशीवर बसूनच त्याने मला सांगितलं, आणि मी ते माझ्या शब्दांत सांगते, कारण तो मध्ये मध्ये थांबत होता. एकोणीस वर्षांपूर्वी एक टेम्पोवाला त्याच्याकडे चार नळ्यांचा एक तुकडा घेऊन आला होता. अंगभर तांबडा प्रायमर. म्हणाला, शेतीच्या यंत्राचा आहे, दोन्ही कोपरे कापून नवे करून द्या. दलाल लोक असंच करतात. जुनी गाडी मिळाली की तिचे तुकडे चार दुकानांत वाटतात, म्हणजे कुठल्याच कारागिराला कळत नाही आपण काय दुरुस्त करतोय, आणि बातमी फुटून भाव चढत नाही. एका कोपऱ्यावर प्रायमरखाली जाड ठिगळ लागलं. मामाने त्या अडाणी ठिगळवाल्याला एक शिवी दिली, करवतीने कोपरा अख्खाच्या अख्खा कापला आणि भंगाराच्या पिंपात टाकला. एरवी तो कापलेला तुकडा हातात घेऊन बघायचा, मागच्याने कसं काम केलंय हे बघायची खोडच होती त्याला. त्या दिवशी घाई होती. तीनची बस पकडायची होती. एका गावात पिवळी गाडी दिसल्याची खबर होती, आणि ती निघाली पाळण्यातली.

ठिगळाची गोष्ट त्याला आणखी आठ वर्षांनी कळायची होती. पिंप दर शनिवारी रिकामं व्हायचं. मी तेव्हाही शनिवारी यायचे. भंगारवाला पिंप उचलत असताना मी बहुतेक स्टुलावर बसून चहा पीत असेन.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. पण त्या म्हणीतल्या बाईला कळसा शेवटी सापडतो.

"उडी मारली होतीस का त्याच्यावर?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"मारली. एकच."

संग्राहक परत आला. त्याला सांगितलं तेव्हा तो हरखला. फाइलमधलं तेवढं एकच पान कोरं होतं, पुढचे कोपरे कुठल्या दुकानात झाले याचं. दोन ओळी लिहून द्याल का? मामाने लिहून दिल्या. गेटाच्या पावतीवर लिहायचा त्याच अक्षरात, तारखेसकट. संग्राहकाने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. त्याच्या गाडीचा इतिहास पुरा झाला. त्या सज्जन माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली मला, त्याचा काही दोष नसताना.

परतीच्या बसमध्ये मी मामाच्या मागे लागले. "सांगून टाक ना आईला, की जोड पक्का होता, धडकेने तुटला. कोण जाणार आहे तपासायला?"

"नसेल तर?"

"आणि असेल तर? निम्मी शक्यता खऱ्याची आहेच ना?"

"खोटंच बोलायचं असतं तर दहाव्या दिवशीच बोललो असतो," तो म्हणाला. "एकेचाळीस वर्षं कशाला थांबलो असतो?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "आज मात्र घरी येतो."

मी त्याला नको म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, आईने एकदा त्याला बघितलं की विरघळेल. तीन जिने चढायला त्याला पाव तास लागला. मी किल्ली काढायच्या आत आईनेच दार उघडलं. पायांचा आवाज तिने ओळखला असावा. एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेला कान आहे तो.

"म्हातारा झालास," ती म्हणाली.

"हो, ताई."

"कळलं?"

"आई, तो सांधा ना," मी सुरुवात केली.

"तुला नाही विचारलं."

मामाने सांगितलं. बसमध्ये मनात जुळवलं असावं, कारण कुठे थांबला नाही. तुकडा माझ्याकडे आला होता. मी ओळखला नाही. कापून भंगारात टाकला. आता कधीच कळणार नाही. माझ्याकडून झालं असेल किंवा नसेल.

आईने त्याचा डावा हात उचलून उजेडात धरला. तुटक्या बोटावरून अंगठा फिरवला. "हे कधी झालं?"

"झाली बावीस वर्षं."

"दुखलं असेल."

"तेव्हा दुखलं."

मला वाटलं, झालं, आता ती त्याला आत घेणार. ती त्याच्याकडे बघत होती, लहानपणी ज्याचं नाक पुसलं त्या पोराकडे बघावं तशी. मग तिने हात सोडला.

"मला नाही रे जमणार," ती म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता. "मी खूप ठरवलं होतं. तू काहीही सांगितलंस तरी चालेल म्हणून. पण हे नाही जमणार. दार ओढून घे जाताना."

ती आत गेली आणि टेबलाशी बसली. मामाने मला खुणेने आत जायला सांगितलं. दार ओढलं. ते नीट लागलं नाही, म्हणून पुन्हा उघडून, खटका बसेपर्यंत ओढलं.

मग जिन्यावरून उतरायचा आवाज. एक पायरी, थांबणं, एक पायरी. गुडघे उतरताना जास्त दुखतात त्याचे, मला माहीत होतं. आईलाही ऐकू येत होतं. ती समोरच्या ताटात बोटाने काहीतरी सारखं करत होती, ताट रिकामं होतं. मी उठायला हवं होतं. तीन जिने त्याचा हात धरून खाली न्यायला काय लागलं असतं? तो शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत मी आईसमोर बसून राहिले आणि तीच कुकर लावायला उठली.